काढू दिला, दाखवू दिला नव्हता

मलकापुरात, पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यापासून जवळच, एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालक माझे स्नेही. त्यांची भाची पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, राहायला मलकापुरातच. माणसाचा फोटो त्याला न विचारता फेसबुक-व्हॉट्सॲपवर टाकावा का, या एका प्रश्नावर या मामा-भाचीचं कधीच पटलेलं नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी तो वाद पुन्हा निघाला, तेव्हा मी समोर होतो. लिहून काढण्याआधी दोघांनाही विचारलं. मामांनी लगेच हो म्हटलं. भाचीने मजकूर आधी वाचायला मागितला, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि मग होकार दिला. त्या दोन जागा मी गाळल्या आहेत.

कारण ताजं होतं. भाचीच्या शाळेत बाहेरगावच्या एका संस्थेने स्वेटर वाटले. फोटोची ऑर्डर मामांकडे होती. त्यांनी फोटो संस्थेला दिले आणि नेहमीप्रमाणे आपल्या स्टुडिओच्या पेजवरही टाकले. त्यातल्या एका फोटोत सातवीतली मुलगी होती. अंगात नवा स्वेटर, मागे संस्थेचा फ्लेक्स, आणि वर ओळ, ‘गरजू विद्यार्थ्यांना मायेची ऊब’. दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली.

“ती भांडायला आली नव्हती, मामा,” भाची सांगत होती. “एवढंच म्हणाली, बाई, आम्ही गरजू नाही असं मी म्हणत नाही. शाळेत मिळतंय म्हणून पोरीनं स्वेटर घेतला. पण फोटो तिच्या आत्याच्या गावापर्यंत गेला. तिकडनं फोन आला, एवढी वेळ आली का म्हणून. गरजू म्हणून पोरीचं तोंड दाखवायला आम्ही कधी हो म्हणालो?”

“तू फोन केलास आणि मी तो फोटो पेजवरून काढला. पाच मिनिटंसुद्धा लावली नाहीत,” मामा म्हणाले. “पण मला एक सांग, त्या फोटोत वाईट काय होतं? पोरगी हसतीय, डोळ्यांत चमक आहे. असा फोटो आईबापांनी फ्रेम करून भिंतीला लावावा. आणि ती आपणहून उभी राहिली ना कॅमेऱ्यासमोर?”

“आपणहून? समोर पाहुणे, शेजारी मुख्याध्यापक, मागे फ्लेक्स, आणि तुम्ही म्हणताय, बाळ जरा इकडं बघ, हस. बारा वर्षांची पोर तिथं नाही म्हणेल? मी मोठी, नोकरी करते, तरी मी त्या रांगेत असते तर नाही म्हणू शकले नसते. आणि समजा ती मनापासून उभी राहिली. ती फोटो काढायला उभी राहिली. तो कुठं जाणार, वर काय लिहिणार, हे तिला कुणी सांगितलं होतं?”

“काढायचा आणि दाखवायचा असे दोन होकार घ्यायचे म्हणतेस?”

“मी नाही, कायदाच म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा. आधी हेच भारतीय दंड संहितेत ३५४-सी होतं, २०१३ साली आलं. बाईचे खासगी क्षण टिपणं आणि पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. त्याच्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय की तिने फोटो काढायला संमती दिली असेल, पण इतरांना दाखवायला दिली नसेल, तर दाखवणं हाही गुन्हाच.”

“ते घाणेरड्या फोटोंसाठी आहे गं. स्वेटरच्या फोटोला तू तो कायदा लावणार?”

“लागत नाही, हेच माझं दुःख आहे. उघड्या अंगाचा फोटो असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या, अंगभर कपड्यातल्या, हसऱ्या फोटोला जवळजवळ काहीच नाही. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण माणसाने व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी केलेली गोष्ट त्यातून वगळलीय. म्हणजे शेजारणीने माझा फोटो स्टेटसला ठेवला तर तो कायदा माझ्या कामाचा नाही. कायदा जिथं संपतो तिथं माणसाने माणसाला विचारायचं असतं. तेच आपण करत नाही.”

मामांनी चहा सांगितला. त्यांना उत्तर सुचत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते तयारीनं येत होते.

“२०१९ चा महापूर आठवतो तुला? सांगलीत पुतळे बुडाले, दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी आलं. पहिले दोन-तीन दिवस मुंबईला कळलं होतं का इथं काय चाललंय? लोकांनी फोनवर काढलेले फोटो गेले तेव्हा कळलं. छपरावर बसलेली माणसं, दावणीला मेलेली जनावरं. मग गाड्या सुटल्या. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून भाकरी, कपडे, औषधं आली. त्या वेळी छपरावरच्या माणसाला मी विचारत बसायचं, की बाबा, तुझा फोटो टाकू का? आणि ती बाई आठव, बोटीत जवानांच्या पाया पडणारी. सगळ्या देशाने बघितलं ते. त्या एका चित्राने जवानांना जेवढा मान मिळाला तेवढा शंभर भाषणांनी मिळाला नसता. विचारत बसलो असतो तर तो क्षण गेला असता.”

हा मामांचा सर्वात भक्कम मुद्दा आहे आणि मला तो मान्य आहे. संकट जगाला दाखवणं ही मदतीची पहिली पायरी असते, आणि तिथे परवानगीचा कागद पुढे करणारा माणूस कामाचा नसतो. भाचीनेही तो नाकारला नाही. पण ती तिथून फार लांब गेली नाही.

“त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं?”

मामा गप्प झाले.

“बोट उलटली. पुरातून सुटायला निघालेली बायका-मुलं बुडाली. त्यांचे मृतदेह पाण्यातून काढले जात होते आणि फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यातला एक फोटो कुठला, ते मी बोलत नाही. ज्यांनी बघितला त्यांना आठवत असेल, ज्यांनी बघितला नाही त्यांनी शोधू नये. मला तो सहा ग्रुपवर आला. खाली हात जोडलेली चिन्हं, रडणारी चिन्हं. मामा, तो फोटो त्या घरातल्या माणसांनाही असाच आला असेल. आपल्या घरातली माणसं गेली हे कुणाला तरी मोबाइलवर कळलं असेल. त्यांना कुणी विचारलं?”

“पण त्यामुळेच तर सरकारला जाग आली. बोटी कमी होत्या, वेळेवर आल्या नाहीत, हे सगळं त्यामुळे बाहेर आलं.”

“बातमीनं आलं. बोटीत किती माणसं होती, बोट कुणाची होती, सरकारी बोट का आली नव्हती, हे लिहिल्यामुळे आलं. उलटलेल्या बोटीचा फोटो पुरेसा होता. काठावर बसलेल्या गावाचा लांबून घेतलेला फोटो पुरेसा होता. गेलेल्या बाईचा चेहरा दाखवल्याशिवाय आपल्याला दुःख होत नसेल, तर दोष आपल्यात आहे. तिच्या चेहऱ्याने तो भरून काढायचा नाही.”

“छापणाऱ्याला कधीकधी कठोर व्हावं लागतं.”

“व्हा की. पण कठोर कुणाशी होतो आपण, ते बघा. मोठ्या घरातलं माणूस गेलं तर आपण दवाखान्याच्या दारात मोबाइल खिशात ठेवतो. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, २०२१ च्या जुलैत आमच्या पाटण तालुक्यातली घरं दरडीखाली गेली, तेव्हा चिखलातून काढलेल्या माणसांवर मोबाइल रोखताना कुणाचा हात थांबला नाही. जो नाही म्हणू शकत नाही त्याला आपण विचारत नाही. मेलेला माणूस नाही म्हणत नाही. पेशंट म्हणत नाही, मदतीच्या रांगेतली बाई म्हणत नाही, पोर म्हणत नाही.”

या वाक्यापाशी मी थांबलो. ती बोलत राहिली, पण माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. न विचारता टाकलेल्या फोटोंबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा फसवलेली तरुणी येते, धमकावणारा प्रियकर येतो, संगणकावर जोडलेला खोटा चेहरा येतो. ते गुन्हे भयंकर आहेत आणि त्यांना गुन्हा म्हणायला कुणी कचरत नाही. पण आपल्या गावांत रोज घडणारी गोष्ट वेगळी आहे. ती चांगुलपणाच्या नावाखाली घडते, सत्काराच्या, वाटपाच्या, श्रद्धांजलीच्या नावाखाली घडते, म्हणून तिला हरकत घेणारा कृतघ्न ठरतो. त्या आईला शाळेत यायला दोन दिवस लागले, ते याच भीतीने.

मामांनी विषय सरकारकडे वळवला. “आता पुरावा मागणाऱ्यांचं काय? शौचालयाचं अनुदान हवं तर लाभार्थ्याने शौचालयासमोर उभं राहून फोटो द्यायचा. घरकुल झालं की घरासमोर उभं राहून फोटो. मी शेकड्यांनी काढलेत. का काढायचे? कारण आधी कागदावर शौचालयं बांधली जायची आणि पैसे मधले खायचे. रोजगार हमीवर मेलेल्या माणसांची हजेरी लागायची. फोटो आला आणि चोरी अवघड झाली. गरिबाच्याच फायद्याचं आहे ते.”

“चोरी थांबली असती तर मी मान्य केलं असतं. रोजगार हमीच्या कामावर २०२३ च्या जानेवारीपासून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. ते फोटो सरकारी वेबसाइटवर कुणीही बघू शकतं. घमेलं डोक्यावर घेतलेली बाई, घामानं भिजलेली, तिला कुणी विचारलंय का? आणि २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच राज्यांना कळवलं की लोक जुन्या फोटोचा फोटो काढून चढवतायत, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवतायत. म्हणजे चोराला वाट सापडली. तोंड उघडं पडलं ते त्या बाईचं.”

“मग पुरावा कशाचा मागायचा?”

“शौचालयाचा फोटो शौचालयाचा असू दे. माणूस कशाला हवा त्यात? आणि साहेबांना माणूस हवाच असेल तर तो फोटो फाइलमध्ये राहू दे. तो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर, तिथून पुढाऱ्याच्या पेजवर, तिथून निवडणुकीच्या पत्रकावर कसा जातो? २०१९ च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोंचे स्टिकर लागले तेव्हा सगळ्यांना राग आला होता. देणाऱ्याच्या फोटोचा राग येतो आपल्याला. घेणाऱ्याच्या फोटोचा का येत नाही?”

गुड मॉर्निंग पथकांची आठवण मला त्या वेळी झाली. हागणदारीमुक्तीच्या काळात पहाटे उठून, उघड्यावर बसलेल्यांना शिट्ट्या मारायच्या, गुलाब द्यायचं, हार घालायचा. हेतू स्वच्छतेचा होता, आणि सातारा-सांगलीने त्या कामात नावही कमावलं. पण पथकांसोबत कॅमेरे गेले तिथे मर्यादा सुटली. राजस्थानात प्रतापगडला जून २०१७ मध्ये, शौचाला बसलेल्या बायकांचे फोटो काढणाऱ्यांना अडवणाऱ्या माणसाचा जीव गेला. घरच्यांनी मारहाणीचा आरोप केला, यंत्रणेने तो नाकारला. फोटो काढू नका म्हणायला तो पुढे झाला होता, एवढं तर कुणी पुसू शकत नाही. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.

मामा मात्र आता आपल्या व्यवसायावर आले होते. “तू काय म्हणतेस ते धंद्यात कसं बसवायचं, ते सांग. रोलचा जमाना होता तेव्हा माझी शोकेस होती. चांगला पोर्ट्रेट निघाला की एन्लार्ज करून काचेत लावायचा. तो बघून गिऱ्हाईक आत यायचं. आता शोकेस म्हणजे पेज. लग्नाची ऑर्डर घेतली, हळदीचं रील टाकलं, की पुढच्या चार ऑर्डरी येतात. नाही टाकलं तर मी घरी बसायचं?”

“शोकेसमध्ये फोटो लावताना विचारायचात?”

“कधी विचारायचो, कधी नाही. एकदा एका मुलीच्या भावाने येऊन काच फोडली होती.”

“ती मुलगी काय म्हणाली?”

“तिला कोण विचारतंय?”

“बघा. तुम्ही लावताना तिला विचारलं नाही आणि भावाने फोडताना विचारलं नाही. तुमच्या त्या कोडॅकच्या गावातच अशी एक गोष्ट झालीय.”

कोडॅक म्हटल्यावर मामा सावरून बसले. त्यांच्या पिढीच्या छायाचित्रकाराला तो शब्द देवघरातल्या नावासारखा आहे. भाचीने सांगितलेली हकिकत खरी आहे आणि या प्रश्नाच्या इतिहासात तिला मोठं स्थान आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टर हे गाव. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तो इथूनच. कॅमेरा साध्या माणसाच्या हातात आला आणि दोनच वर्षांत, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला. त्यात झटपट निघणाऱ्या फोटोंचा उल्लेख आहे. पुढे याच रोचेस्टरमधल्या ॲबिगेल रॉबर्सन नावाच्या तरुण मुलीला कळलं की एका पीठ कंपनीच्या जाहिरातीवर आपला फोटो आहे. फोटो सुंदर होता, त्यात अश्लील काही नव्हतं. २५,००० प्रती छापून दुकानांत, गुत्त्यांत लावल्या होत्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने अंथरूण धरलं आणि मग दावा लावला. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ती चार विरुद्ध तीन मतांनी हरली. खासगीपणाचा असा काही हक्क कायद्यात नाही, असं मुख्य न्यायाधीश ऑल्टन पार्कर यांनी लिहिलं. लोक इतके चिडले की दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला: लेखी संमतीशिवाय कुणाचं नाव वा फोटो व्यापारासाठी वापरायचा नाही. १९०४ मध्ये हेच पार्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. छायाचित्रकार पाठ सोडत नाहीत अशी त्यांनी तक्रार केली, तेव्हा रॉबर्सनने त्यांना जाहीर पत्र लिहून त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली.

“मस्त केलं पोरीनं,” मामा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग थोडं थांबून, “पण माझं वेगळं आहे. मी काढलेला फोटो माझा असतो. कॉपीराइट म्हणतात त्याला.”

“तुमचा नसतो, मामा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ आहे. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक ऑर्डर देणारा. लग्नाच्या करिष्मा अल्बममधला प्रत्येक फोटो लग्नघराचा आहे. तुमच्या पेजवर टाकायचा तर त्यांना विचारायला हवं, आणि बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापली तर हे काम एका सहीत होतं. अवघड आहे का?”

“पावतीवर छापता येईल,” मामा म्हणाले. ही त्यांनी दिलेली पहिली कबुली.

“पण तेवढ्याने भागत नाही. हळदीत नाचणारी नवरीची मैत्रीण पावतीवर सही करत नाही. तिने घरच्या अंगणात, आपल्या माणसांत नाच केला. तुम्ही त्यावर गाणं लावून रील टाकलं, खाली नको नको त्या कमेंटी आल्या. तिच्या सासरी ते पोचलं तर पुढच्या लग्नात ती नाचणार नाही.”

इथे मामांनी जो मुद्दा काढला तो माझ्याही मनात होता. “तुझ्या आजीचा एक फोटो नाही आपल्याकडे. का, माहितीय? आजोबांना चालायचं नाही. बाईमाणसाचा फोटो परक्यानं काढायचा नाही, परक्यानं बघायचा नाही. आयुष्यभर राबली आणि तिचं तोंड कसं होतं ते तुला दाखवता येत नाही मला. मी स्टुडिओ टाकला त्याला हेही एक कारण होतं. आता बायका नाचतायत, बुलेटवर फोटो काढतायत, सरपंच होऊन भाषणं करतायत, फेसबुकवर दिसतायत. तुझ्या या खासगीपणाच्या नावाखाली पुन्हा तेच सुरू होईल. भाऊ म्हणेल, नवरा म्हणेल, फोटो नको.”

भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला. आजीबद्दल ती काहीतरी बोलली, ते तिने खुणा केलेल्या जागांपैकी एक आहे. मग म्हणाली, “आजीलाही कुणी विचारलं नाही. फोटो नको हे आजोबांनी ठरवलं. माझं म्हणणं फोटो नको असं नाहीच. तिचा फोटो आहे तर तिला विचारा. भावाला नाही, नवऱ्याला नाही. ती म्हणाली टाका, तर बुलेटवरचा टाका, पोहतानाचा टाका, आणि मग घरातला कुणी आडवा आला तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. पोर लहान असेल तर आईबापांना विचारा, पण पोरालाही विचारा. सातवीतल्या मुलीला आपला फोटो कुठं जावा हे कळतं. आम्ही तिला मत विचारायची सवय लावली नाही, एवढंच.”

पालच्या यात्रेवरून मात्र मामांनी तिला गाठलं. कराड तालुक्यात पालला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्याने माणसं पिवळी होतात. त्या गर्दीत कुणाकुणाला विचारायचं? भाचीने मान्य केलं की गर्दीचा फोटो हा गर्दीचा असतो, तिथे येणारा बघायला आणि दिसायला येतो. मी मामांच्या बाजूने आहे. सार्वजनिक जागेतला, सार्वजनिक सोहळ्यातला, मोर्च्यातला, ग्रामसभेतला फोटो घेता यायलाच हवा, नाहीतर सत्तेला प्रश्न विचारणारा कॅमेराही याच नियमाखाली बंद करतील. गर्दीतून एकच चेहरा जवळ ओढून, त्यावर काहीबाही लिहून पाठवला की मात्र तो गर्दीचा फोटो राहत नाही.

त्यावरून बोलणं अपरिहार्यपणे रैनपाड्यावर आलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या रैनपाडा गावी १ जुलै २०१८ ला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीच्या मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

“आणि आजही आपल्या मलकापूरच्या ग्रुपवर काय येतं?” भाचीने विचारलं. “हायवेला उतरलेला चादरी विकणारा, भंगार गोळा करणारी बाई, त्यांचे चोरून काढलेले फोटो. खाली, ‘हे लोक फिरत आहेत, सावध राहा’. कुणी पोलिसांना विचारलं? त्या माणसाला विचारलं, बाबा तू कोण? तो पोटासाठी फिरतोय, आणि त्याच्या आधी त्याचा फोटो पुढच्या गावात पोचलेला असतो.”

“हे चुकीचंच आहे,” मामा म्हणाले. “मी असले फोटो पुढं पाठवत नाही. संशय असेल तर ११२ ला फोन करावा.” इथे दोघांचं एकमत झालं आणि दोघांनाही ते थोडं जड गेलं.

निघताना मी भाचीला विचारलं की त्या आईने पुढे काय करायचं होतं, सांगूनही संस्थेने फोटो हटवला नसता तर. तिने लपवलं नाही. नग्न, अश्लील वा चेहरा जोडलेला खोटा फोटो असेल, तर २०२१ च्या नियमांनी तक्रार आल्यापासून २४ तासांत तो हटवणं समाजमाध्यम कंपनीवर बंधनकारक केलं होतं. सायबर पोलीस आहेत, केंद्राचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, तिथे महिला आणि मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही देता येते. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल यंत्राकडून होऊ लागली, तेव्हा २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं. ते योग्यच झालं. पण सातवीतल्या त्या मुलीचा चेहरा तसा नामवंत नाही. तिच्या आईच्या हाती तुमच्या-माझ्या सभ्यतेशिवाय काही नव्हतं. फोनवर सांगितल्यावर संस्थेने फोटो हटवला, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडे तो आहे.

मामांचं सगळं मत बदललेलं नाही. पुराचे फोटो ते न विचारता काढतील आणि टाकतील, असं त्यांनी मला निक्षून सांगितलं. जिवंत माणसाच्या सुटकेसाठी ते करणार असतील तर मी त्यांना अडवणार नाही. वाटपाच्या फोटोंबाबत मात्र माझं मत भाचीसारखंच आहे, आणि त्याला मला कुठलाही अपवाद सापडत नाही. घेणाऱ्याचा चेहरा दाखवल्याने मदतीत एका पैशाची भर पडत नाही.

म्हणून शाळांना, वस्त्यांना, दवाखान्यांना मदत देणाऱ्या सगळ्या मंडळांना, संस्थांना आणि पुढाऱ्यांना माझी विनंती आहे. स्वेटर द्या, वह्या द्या, फळं द्या. हिशेबासाठी फोटो लागत असेल तर स्वेटरच्या गठ्ठ्याचा काढा, पावतीचा काढा, स्वतःचा काढा. आणि तुमच्या पेजवर आज जे चेहरे न विचारता लावलेले आहेत, ते या आठवड्यात उतरवा.